लाइट जाऊन आली की सिरियल पोर्ट गप्प: बीगलबोन ब्लॅकवरची पिनमक्सची तपासणी

आधी लक्षण सांगते. बीगलबोन ब्लॅक या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पी९_२४ आणि पी९_२६ या पिनांवर सेन्सर जोडलेला आहे. काल रात्रीपर्यंत आकडे येत होते. आज /डेव्ह/टीटीवायएस१ ही त्या सिरियल पोर्टची फाइल जागेवर आहे (जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, तिचं नाव टीटीवायओ१ असतं), प्रोग्रॅम ती उघडतो, ९६०० बॉड रेट (पाठवण्याचा वेग) लावतो, कुठलीच एरर देत नाही. पण एक अक्षरही येत नाही. आणि हे सगळं बोर्ड बंद होऊन परत सुरू झाल्यावरच होतं.

तुमचं लक्षण हेच असेल तर वायर कापायला घेऊ नका आणि नवा सेन्सर मागवू नका. मी दोन्ही केलं, आणि त्यात दोन महिने गेले.

आमच्या गावाकडे, तासगावजवळ, विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायला मी एक बोर्ड बसवला आहे. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर, तो सिरियलवर अंतर पाठवतो, बोर्ड ते लिहून ठेवतो आणि पुण्यात मला दिसतं. शेतीच्या फीडरला लाइट पाळीपाळीने असते, म्हणून सोबत छोटी बॅटरी ठेवली होती. बॅटरी टिकली तर आकडे चालू, लाइट जास्त वेळ गेली तर बोर्ड बंद. लाइट आल्यावर बोर्ड आपोआप सुरू व्हायचा, नेटवर्कवरही दिसायचा, पण आकडे यायचे नाहीत. मग चुलतभावाचा फोन: "ताई, पाणी परत थांबलं तुझं."

प्रत्येक वेळी मी काहीतरी बदलायचे. एकदा वायर बदलली, चालू झालं. एकदा कनेक्टरच्या जागी सोल्डर केलं, चालू झालं. एकदा सेन्सरच नवा घेतला, तोही चालू झाला. काही बदललं की तपासण्यासाठी मी टर्मिनलमध्ये त्याच दोन आज्ञा द्यायचे: 'कॉन्फिग-पिन पी९_२४ यूआर्ट' आणि 'कॉन्फिग-पिन पी९_२६ यूआर्ट'. (कॉन्फिग-पिन हे पिनचं काम ठरवणारं साधन, यूआर्ट म्हणजे सिरियल पोर्ट. इथल्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.) हाताला सवय झाली होती, त्यामुळे त्या आज्ञा उपचाराचा भाग आहेत हे ध्यानातच आलं नाही. दुरुस्त करत होत्या त्या दोन ओळी, आणि श्रेय जात होतं नव्या वायरला. दर वेळी पुन्हा बिघडणाऱ्या गोष्टीत हे हमखास होतं, म्हणून सुरुवातीलाच लिहिते: काहीही बदलण्याआधी बोर्ड आहे त्या अवस्थेत वाचा. आज्ञा द्यायची ती फक्त वाचणारी, बदलणारी नाही.

आता पिनमक्स म्हणजे काय ते थोडक्यात. बोर्डावर पी८ आणि पी९ असे दोन हेडर आहेत, प्रत्येकी ४६ पिनांचे. प्रोसेसर एएम३३५८. त्याच्या पोटात सिरियल पोर्ट, आयटूसी आणि एसपीआय हे डेटाचे आणखी दोन मार्ग, पीडब्ल्यूएम, एलसीडी, मेमरी कार्डचा कंट्रोलर असं बरंच आहे, आणि एवढ्या सगळ्यांना वेगवेगळे पाय द्यायला चिपला जागा नाही. म्हणून एकाच पायावर अनेक कामं ठेवलेली असतात. एसटी स्टँडवर एकच फलाट असतो आणि त्यावर वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या लागतात, तसं. एका वेळी गाडी एकच. कोणती लागणार हे त्या पायाच्या नावाचं एक रजिस्टर (चिपच्या आतली छोटी नोंद) ठरवतं.

उदाहरण म्हणून पी९_२२ घ्या. मोड ० मध्ये तो एसपीआय०चं क्लॉक असतो, मोड १ मध्ये यूआर्ट२ची आरएक्स (आत येणारी लाइन; बाहेर जाणारी ती टीएक्स), मोड २ मध्ये आयटूसी२ची डेटा लाइन, मोड ३ मध्ये पीडब्ल्यूएम आणि मोड ७ मध्ये साधा जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रॅमने थेट वरखाली करायची किंवा वाचायची पिन. पाय तोच, वायर तीच.

यातून एक गोष्ट निघते जी मला उशिरा कळली. /डेव्ह मध्ये पोर्टची फाइल दिसते याचा अर्थ चिपच्या आतला सिरियल पोर्ट जागा आहे आणि ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतला आहे, एवढाच. त्या पोर्टपासून बाहेरच्या पायापर्यंत रस्ता जोडलेला आहे की नाही, हे ती फाइल सांगत नाही. ड्रायव्हरलाही ते कळत नाही. तो बाइट पाठवतो, बाइट आतल्या आत विरतात, आणि त्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. एरर येत नाही ती म्हणूनच.

तर आधी वाचायचं. सर्वात सोपं म्हणजे 'कॉन्फिग-पिन -क्यू पी९_२४'. उत्तरात मोड 'डिफॉल्ट' आला तर निदान जवळपास झालंच, 'यूआर्ट' यायला हवा. पण मी इथे थांबत नाही, कारण हे साधन आपल्या नोंदीवरून बोलतं. प्रत्यक्ष रजिस्टर काय म्हणतं ते कर्नलला विचारावं. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन /सिस/कर्नल/डीबग/पिनक्ट्रल/ या फोल्डरमध्ये जा. तिथे ४४ई१०८०० ने सुरू होणारा फोल्डर आहे, त्यातली 'पिन्स' नावाची फाइल वाचा. पी९_२४ (टीएक्स) च्या पायाचं रजिस्टर ४४ई१०९८४ वर आहे आणि पी९_२६ (आरएक्स) चं ४४ई१०९८० वर, तेव्हा ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने ९८४ आणि ९८० शोधा. पत्त्यासमोर एक षोडशमान आकडा दिसेल.

हा आकडा उलगडायला शिका, पुढचं सगळं त्यावर आहे. त्यातले खालचे सात बिट कामाचे. सर्वात खालचे तीन मोड सांगतात, ० ते ७. त्यावरचा बिट ३ आतला पुल (पायाला वर किंवा खाली ओढून धरणारा रेझिस्टर) बंद करतो: तो ० असेल तर पुल चालू, १ असेल तर बंद. हा उलटा आहे, नीट लक्षात ठेवा. बिट ४ पुल वर की खाली ते ठरवतो, १ म्हणजे वर. बिट ५ इनपुट चालू करतो. बिट ६ सिग्नलच्या चढउताराचा वेग ठरवतो, त्याला सहसा हात लावावा लागत नाही.

माझ्या बोर्डावर लाइट आल्यानंतर दोन्ही पायांसमोर ३७ होतं. ३७ म्हणजे मोड ७, पुल चालू, वरच्या दिशेने, इनपुट चालू. थोडक्यात, पुल-अप लावलेला साधा जीपीआयओ. आरएक्ससाठी हवं होतं ३०: मोड ०, पुल-अप, इनपुट चालू. टीएक्ससाठी मोड ० असला की भागतं. वायर, सेन्सर, सोल्डर यांतलं काहीच बिघडलेलं नव्हतं. फलाटावर दुसरीच गाडी लागलेली होती.

या ३७ मुळेच माझा मल्टिमीटर मला फसवत होता, तेही सांगते. सिरियलची टीएक्स लाइन रिकामी असताना ३.३ व्होल्टवर असते. मी पी९_२४ वर मीटर लावायचे, ३.३ च्या आसपास दिसायचं, आणि पोर्ट ठीक आहे असं धरून पुढे जायचे. पण पुल-अप लावलेला जीपीआयओसुद्धा मीटरवर तेवढेच व्होल्ट दाखवतो. फरक काढायचा तर पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरा. टीएक्स खरोखर चालवली जात असेल तर व्होल्टेज जवळपास हलत नाही. नुसता आतला पुल-अप असेल तर ते बरंच खाली येतं, कारण तो पुल कमजोर असतो.

त्याहून चांगली चाचणी म्हणजे सेन्सर काढून टाकायचा आणि पी९_२४ व पी९_२६ एका जंपरने एकमेकांना जोडायचे. मिनिकॉम किंवा 'स्क्रीन' हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा आणि टाइप करा. अक्षरं परत दिसली तर दोन्ही पाय बरोबर जोडलेले आहेत आणि दोष पुढे आहे: वायरमध्ये, सेन्सरमध्ये, बॉड रेटमध्ये किंवा टीएक्स-आरएक्स उलटे लागले आहेत. दिसली नाहीत तर दोष बोर्डाच्या आत आहे, बाहेर शोधू नका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि विहिरीवर उन्हात उभं राहून करायला हेच सर्वात सोयीचं.

मग मोड ७ परत येतो कुठून? कॉन्फिग-पिन कुठेही काहीही साठवत नाही. ते फक्त /सिस/डिव्हायसेस/प्लॅटफॉर्म/ओसीपी/ खाली त्या पिनच्या नावाच्या फोल्डरमधल्या 'स्टेट' फाइलीत एक शब्द लिहितं. ती फाइल डिस्कवर नसते, कर्नलने दाखवलेली खिडकी असते. कर्नल तो शब्द वाचून रजिस्टर बदलतो. बोर्डाचा पुरवठा गेला की रजिस्टर मूळ अवस्थेत जातं, आणि बूट होताना कर्नल डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत) लिहिलेली 'डिफॉल्ट' अवस्था लावतो. केप युनिव्हर्सल (कॉन्फिग-पिनने पिना बदलता याव्यात म्हणून असलेला डिव्हाइस ट्रीचा तयार तुकडा) वापरत असाल तर ती अवस्था जीपीआयओची. सिरियल पोर्ट मात्र त्याच डिव्हाइस ट्रीने चालू ठेवलेला असतो, म्हणून फाइल दिसत राहते.

इथे बरेच जण एक आडवाट घेतात आणि अडकतात, मीही अडकले. वाटतं की रजिस्टरचा पत्ता माहीत आहे, तर डेव्हमेम२ या मेमरी थेट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साधनाने सरळ तिथे ३० लिहून टाकू. रूट म्हणून आज्ञा चालते, एरर येत नाही, पण परत वाचलं तर ३७ तसंच. कारण या चिपचा कंट्रोल मॉड्यूल त्याच्या रजिस्टरांत लिहायला फक्त प्रोसेसरच्या विशेषाधिकार अवस्थेतच परवानगी देतो. त्या अवस्थेत कर्नल असतो. रूट हा लिनक्सच्या दृष्टीने मोठा असला तरी त्याचा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या दृष्टीने साध्या अवस्थेतच चालतो. लिहिलेलं निमूटपणे टाकून दिलं जातं. वाचायला डेव्हमेम२ चालेल. लिहायचं ते कर्नलमार्फतच.

कायमचा इलाज दोन प्रकारे होतो. अजून प्रयोग चालू असतील, पिना बदलणार असतील, तर तुमच्या प्रोग्रॅमच्या सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिस फाइलीत 'एक्झेकस्टार्टप्री' च्या दोन ओळी घाला, प्रत्येक पिनसाठी एक कॉन्फिग-पिन, पूर्ण पाथसकट. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी त्या चालतात. मला यातलं सर्वात आवडतं ते हे, की त्यातली एखादी फसली तर सर्व्हिसही फसते आणि लॉगमध्ये दिसते. गप्प बसलेल्या पोर्टपेक्षा ओरडणारी सर्व्हिस कितीतरी बरी. 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि पाच सेकंदांचा 'रीस्टार्टसेक' ठेवा. बूटच्या घाईत पिनची स्टेट फाइल अजून तयार झाली नसेल तर दुसऱ्या खेपेला मिळते. आरसी.लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र या आज्ञा टाकू नका. तुमचा प्रोग्रॅम आधी सुरू होतो की त्या ओळी आधी चालतात याची तिथे खात्री नसते, आणि मग कधी चालतं, कधी नाही असा आणखी वाईट प्रकार सुरू होतो.

बोर्ड एका कामासाठी कायमचा बसवलेला असेल तर ओव्हरलेच, म्हणजे डिव्हाइस ट्रीत भर घालणारा तुकडाच, वापरा. /बूट/ मधल्या यूएन्व्ह.टीएक्सटी फाइलीत 'यूबूट_ओव्हरले_ॲड्र४=' पुढे बीबी-यूआर्ट१-००ए०.डीटीबीओ या फाइलीचा पूर्ण पाथ लिहायचा. ही फाइल /लिब/फर्मवेअर मध्ये आहे ना ते आधी बघून घ्या. ॲड्र० ते ॲड्र३ या जागा आपोआप ओळखल्या जाणाऱ्या केपसाठी (वर बसणाऱ्या जोडबोर्डांसाठी) आहेत, आपण ४ पासून पुढच्या घ्याव्यात. मग कर्नल सुरू होण्याआधीच यूबूट (कर्नलला चालू करणारा प्रोग्रॅम) डिव्हाइस ट्रीमध्ये हा तुकडा मिसळतो, आणि सिरियलचा ड्रायव्हर जागा होताना पाय स्वतःच बरोबर लावून घेतो. विहिरीवरच्या बोर्डाला मी हेच केलं.

ओव्हरले लागल्यावर जुन्या सवयीने कॉन्फिग-पिन चालवाल तर 'नो सच फाइल' अशी तक्रार येईल. घाबरू नका. त्या पिनांचा ताबा आता ओव्हरलेकडे गेला आहे, म्हणून केप युनिव्हर्सलची खिडकी तिथून काढून घेतलेली असते. ओव्हरले बरोबर लागल्याचीच ती खूण. यूएन्व्हमध्ये ओळ लिहूनही काहीच फरक पडत नसेल तर वेगळी शंका घ्या. बोर्डावरच्या ईएमएमसीमध्ये (पक्क्या बसवलेल्या मेमरीत) जुना यूबूट असेल आणि तुम्ही नवी इमेज एसडी कार्डवरून चालवत असाल, तर बूट बटण न दाबता सुरू झालेला बोर्ड आधी ईएमएमसीवरचा जुना यूबूट घेतो. त्याला ओव्हरलेच्या या ओळी समजत नाहीत, तो त्या सोडून देतो. नवी इमेज ईएमएमसीवर फ्लॅश केली की हा प्रश्न मिटतो.

याच घरातली दुसरी भांडणं आता पटापट.

यूआर्ट२ आणि एसपीआय० एकत्र हवे असतील तर जमणार नाही. पी९_२१ आणि पी९_२२ दोघांनाही लागतात. दोन्ही ओव्हरले लावलेत तर जो आधी आला त्याला पिना मिळतात, आणि दुसऱ्यासाठी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'ऑलरेडी रिक्वेस्टेड बाय' अशी ओळ येते, मागणाऱ्याच्या आणि ताबा असणाऱ्याच्या नावासकट. तिथल्या नावांत ४८०३०००० म्हणजे एसपीआय०, ४८०२४००० म्हणजे यूआर्ट२. कोणत्या पायाचा ताबा कोणाकडे आहे याची पूर्ण यादी 'पिन्स' च्या शेजारच्या 'पिनमक्स-पिन्स' फाइलीत मिळते. सिरियल यूआर्ट४ वर हलवा, पी९_११ आरएक्स आणि पी९_१३ टीएक्स, दोघंही सुखाने राहतात.

पी८ वरच्या पिना जीपीआयओ म्हणून हलत नसतील तर आधी बघा की त्या कोणाच्या आहेत. पी८_३ ते पी८_६ आणि पी८_२० ते पी८_२५ या ईएमएमसीच्या आहेत. पी८_२७ ते पी८_४६ एचडीएमआयच्या चित्राच्या. स्क्रीन लावायची नसेल तर यूएन्व्हमध्ये 'डिसेबल_यूबूट_ओव्हरले_व्हिडिओ=१' केलं की वीस पिना मोकळ्या होतात. ईएमएमसीच्या पिना सोडवायच्या असतील तर बोर्ड एसडी कार्डवरूनच चालवावा लागेल.

एसपीआय वाचताना सगळे बाइट शून्य येत असतील आणि ओव्हरले स्वतः लिहिला असेल, तर क्लॉकच्या पायाचा बिट ५ तपासा. क्लॉक बाहेर जातं म्हणून आपण तो पाय फक्त आउटपुट ठेवतो. पण या चिपमध्ये आत येणारा डेटा पकडायला तेच क्लॉक पायावरून परत आत घेतलं जातं. इनपुट बंद असेल तर लिहिणं चालतं, वाचणं चालत नाही.

पी९_४१ आणि पी९_४२ या दोन पिनांमागे चिपचे प्रत्येकी दोन पाय जोडलेले आहेत. एक वापरायचा असेल तर दुसरा इनपुटवर ठेवा, नाहीतर दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावत बसतील.

आणि एक लक्षण असं की लाइट आल्यावर बोर्ड सुरूच होत नाही, पण जोडलेल्या वायर काढल्या की सुरू होतो. हा मोडचा दोष नाही, वेळेचा आहे. पी८_३१ ते पी८_४६ या सोळा पिनांची पातळी चिप चालू होण्याच्या क्षणी वाचते आणि कुठून बूट व्हायचं ते त्यावरून ठरवते. त्या क्षणी तुमचा रिले बोर्ड किंवा सेन्सर त्यातली एखादी पिन ओढून धरत असेल तर बूटचा क्रमच बदलतो. या पिनांवर काही लावायचंच असेल तर बोर्ड पूर्ण जागा झाल्यावरच जोडलं जाईल असा बफर मध्ये घाला.

विहिरीवरच्या मांडणीत यातलाच एक धोका होता, तो मी नंतर दुरुस्त केला. सेन्सरला पुरवठा वेगळा होता, म्हणजे बोर्ड बंद असतानाही सेन्सर जागा, आणि त्याची टीएक्स लाइन बंद बोर्डाच्या आरएक्स पायात वीज ढकलत होती. बोर्डाला पुरवठा नसताना त्याच्या पिनांवर बाहेरून व्होल्टेज येऊ द्यायचं नसतं, त्याने चिप कायमची जाऊ शकते. आता सेन्सरला पाच व्होल्ट पी९_७ वरून दिले आहेत. ती लाइन बोर्ड चालू झाल्यावरच येते, सेन्सरही त्याच्याबरोबरच झोपतो आणि उठतो. सेन्सरची टीएक्स पाच व्होल्टची असल्यामुळे मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक आहे, म्हणजे पायावर ३.३ च आसपास येतात. या बोर्डाच्या पिना पाच व्होल्ट सहन करत नाहीत, हे विसरू नका.

सगळं झाल्यावर तपासणी करताना नुसता 'रीबूट' पुरेसा मानू नका. शटडाउन द्या, पुरवठा काढा, मिनिटभर थांबा, परत लावा, आणि टर्मिनलमध्ये एकही बदलणारी आज्ञा न देता आकडे येतात का बघा. प्रोग्रॅममध्ये मी एक छोटी भर घातली आहे: सुरू होताना तो ९८० आणि ९८४ या दोन रजिस्टरांचे आकडे वाचून लॉगच्या पहिल्या ओळीत लिहितो. आता भावाचा फोन आला की मी ती ओळ आधी बघते. तिथे मोड ० असेल तर त्याला शिडी घेऊन सेन्सरवरची जाळी पुसायला सांगते.